भोंग्यावरचं सांजगान

मंगळवार, ११ एप्रिल

सिस्टर आली होती रक्तदाब बघायला. सुवार्ता तिचं नाव. मिरजेची, ख्रिस्ती घरची, आपल्या उपकेंद्रात कंत्राटावर नर्स आहे. गावात सगळे तिला सिस्टरच म्हणतात, मीही. देवळामागे वीरधवलच्या माडीवर भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मंगळवारी म्हाताऱ्यांच्या दारी जाऊन दंडाला पट्टा बांधायचा, हा तिचा नेम. त्याचा पगार नाही.

मी परसात आंब्याखाली कानात फोनची ती दोन बिनतारी बोंडं घालून बसलो होतो. तिची चाहूल लागली नाही. पट्टा आवळून म्हणाली, "काय ऐकताय सर? नाडी पळतेय तुमची."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी 'भजन' म्हणालो असतो. घरात, पारावर सगळ्यांना हेच माहीत आहे की मास्तर म्हातारपणी भजन ऐकतात. ते खोटं नाही, आणि खरंही नाही. पण आज काय झालं कुणास ठाऊक, एक बोंड काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "ऐक."

तिनं ऐकलं. पट्ट्यातली हवा फुसफुसत उतरली तरी ऐकत होती. मग म्हणाली, "चर्चचं आहे? पण आमच्या मिरजेच्या देवळात असलं नाही गात हां सर. आमच्यात पेटी, तबला, टाळ. टाळ नसले तर माझी आई म्हणते आज उपासना झालीच नाही." बोंड परत देताना हसली. "झोप येते याने. पण चांगली झोप."

कुणाला तरी सांगितलं, याचाच दिवसभर आनंद होता. आज तो इथेही लिहून ठेवतो.

पाचगणीच्या त्या इंग्रजी शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं. ज्या पोरांना माझी कविता पाठ होत नसे, तीच पोरं रविवारी संध्याकाळी पांढरे झगे घालून चर्चमध्ये गायला उभी राहिली की ओळखू येत नसत. मी आत कधी गेलो नाही. बाहेर सिल्व्हर ओकच्या झाडाखाली, चपला काढून उभा राहायचो. चपला का काढायचो, ते मला आजही सांगता येणार नाही. विलायतेत या प्रकाराला इव्हनसाँग म्हणतात. मी मनाशी त्याला सांजगान म्हणतो. गाणारे दोन रांगांत समोरासमोर उभे असतात. एक रांग स्तोत्राची ओळ म्हणते, पुढची ओळ दुसरी रांग उचलते, अगदी आपल्या भजनासारखी. ऐकणाऱ्यानं काही करायचं नसतं. आणि शेवटाकडे एका म्हाताऱ्याचं छोटंसं गाणं येतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांनी पाहिलं, आता मला सुखानं जाऊ दे, एवढंच तो म्हणतो. शब्द मला अर्धेच कळतात. तरी ते येईपर्यंत मी जागचा हलत नाही.

माझ्या निवृत्तीनंतर शाळेतलं ते गाणं बंद पडलं, गिटार आली. दोन वर्षांपूर्वी मुलानं, यशराजनं, फोनवर विलायतेचा रेडिओ लावून दिला. तिकडच्या एकेका मोठ्या चर्चमधून बुधवारी सांजगान होतं, आणि रविवारी आपल्याकडच्या साडेसातला पुन्हा लागतं. तेव्हा विजयमाला जाऊन वर्ष झालं होतं. ती असती तर म्हणाली असती, "आली का पुन्हा माझी सवत!" पाचगणीत असताना ती त्या गाण्याला माझी सवतच म्हणायची.

रविवार, १६ एप्रिल

फजिती झाली.

भैरोबाच्या देवळात सांजआरतीला आता माणसं येत नाहीत. केरबा टाळ घेऊन येतो आणि मी जातो. म्हणून देवस्थान समितीनं मशीन आणलं. सात वाजता मी माझ्या फोनवरून आरतीचं रेकॉर्ड लावतो, ते ब्लूटूथनं मशीनला जातं आणि शिखराच्या भोंग्यातून चारी वाड्यांना ऐकू येतं. केरबा रेकॉर्डबरोबर टाळ वाजवतो. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, रेकॉर्ड चुकलं तर रेकॉर्डला शिव्या घालतो.

आज आरती आटोपून घरी आलो. देऊळ आणि आमचं घर, मध्ये फक्त एक भिंत. परसात बसून साडेसातचं सांजगान लावलं. बोंडांतून काही आवाज येईना. पुन्हा दाबलं. आणि आवाज आला तो भोंग्यातून. फोन मशीनलाच जोडलेला राहिला होता.

लगेच बंद केलं. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सोमवार, १७ एप्रिल

आलं होतं.

पारावर सकाळी तोच विषय. केरबानं मला बघताच सुरुवात केली. "या मास्तर! काल भैरोबा विंग्रजीत बोलला म्हनं. पासपोर्ट काढला का काय देवानं?"

सगळे हसले. मीही हसलो. मग हॉटेलवाला जोतिबा चहा ओतता ओतता म्हणाला, "हसन्यावारी नेऊ नगा. चर्चचं गानं हुतं त्ये. टीव्हीवर बगितलंय मी. आपल्या देवळावरनं लागतंय म्हंजे काय?"

"लावलं कुनी पर?"

"सिस्टरचा फोन लागतोय न्हवं मशीनला?"

"काल रविवार हुता," आणखी कुणीतरी म्हणालं.

मग कुणी हसलं नाही.

सिस्टरचा फोन मशीनला लागतो, हे खरं आहे. लसीकरणाची गाडी येणार असली की ती भोंग्यावरून सांगते. तशी परवानगी समितीकडून मीच मिळवून दिली होती. केरबा माझ्याकडे बघत होता. मी बशीतला चहा संपवला आणि उठलो.

त्याच वेळी बोललो असतो तर हसण्यावारी गेलं असतं. पण 'चर्चचं गाणं' हा शब्द पडला आणि मी बशी तोंडाला लावली. मास्तर बाटले म्हणतील. कुणी तसं म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? झाडाखाली चपला काढून उभं राहणाऱ्याला बाटलेला म्हणतात की नाही?

बुधवार, १९ एप्रिल

सून चहा घेऊन आली. सोनिया मोजकं बोलते. डबी पुढे ठेवून म्हणाली, "आबा, कानातलं तुमचं चार्जिंगला लावून ठेवलंय. रविवारी डबीत बगितलं, तर पार मेलं हुतं."

माझ्या वस्तूंची फार काळजी घेते पोर.

आज बुधवार. पण सांजगान ऐकलं नाही. कढी पिऊन लवकर आडवा झालो.

शुक्रवार, २१ एप्रिल

देवळात मीटिंग झाली. वीरधवल समितीचा अध्यक्ष. तरणा आहे, दोन जेसीबी आहेत, बोलणं नेहमी आदबीचं. त्यानं सिस्टरला बोलावून घेतलं होतं. ती खांबाजवळ उभी होती, ओढणी डोक्यावरून घेऊन. एवढ्या बाप्यांत ती एकटी बाई.

"सिस्टर, आमचा कुनावर राग न्हाई. तुमचा धरम तुमच्यापाशी. पर देवळाचा भोंगा त्यासाठी दिला न्हवता. चुकून लागलं म्हना, विषय मिटला."

"माझा फोन नव्हता," ती म्हणाली.

"मंग कुनाचा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. भोंग्याची परवानगी मी मिळवून दिलेली, तेव्हा आता सर आपली बाजू घेतील अशी आशा असणार बिचारीला. फार वेळ पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, "ते मला काय विचारता?"

वीरधवल माझ्याकडे वळला. "सर, मशीनमधलं तुमाला कळतंय. तुमी आरती लावून गेल्यावर दुसऱ्याचा फोन लागू शकतोय का?"

गाभाऱ्यात समई तडतडली.

मी म्हणालो, "लागू शकतो."

यात खोटं काही नाही. एक फोन मशीनपासून तोडला तर दुसरा लागू शकतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. जन्मभर मुलांना हेच शिकवलं, विचारलं तेवढंच लिहा.

केरबानं मांडीवरचे टाळ एकमेकांवर आपटले. एकदाच. "मास्तर, आनखी काय म्हनायचं हाय का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

"बग हां. मी थांबलोय."

वयानं त्याचं असं व्हायला लागलंय. विषय संपला तरी थांबून राहतो.

महिनाअखेर खोली रिकामी करायची असं ठरलं. भोंगाही तिला बंद. वीरधवलनं तेही आदबीनंच सांगितलं. ती बाहेर पडली, चप्पल पायात सरकवली, पट्टा उलटा गेलेला तसाच.

शनिवार, २२ एप्रिल

या वहीशी तरी खरं बोलावं.

त्या रविवारी मी लगेच बंद केलं नाही.

भोंग्यातून पहिला सूर आला तेव्हा माझ्या फोनचा आहे हे कळलंच नाही. वरून, अंधारलेल्या आकाशातून एकाएकी मुलांचे आवाज आले. एक रांग म्हणाली, दुसरीनं उचललं. खाली कोयनेच्या काठापर्यंत ऊस उभा, त्याच्यावरून तो सूर पाण्याकडे गेला आणि पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. गोठ्यात म्हशीनं मान वर केली. मला वाटलं, मी मेलो. आणि मेल्यावर असं असेल तर बरं आहे, असंही वाटलं.

मग हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. सगळं समजलं. बोट लावलं की बंद होणार होतं.

मी बोट लावलं नाही. अख्खं स्तोत्र होऊ दिलं.

जन्मभर बाहेर उभं राहून ऐकलेलं गाणं एकदाच माझ्या गावावरून, माझ्या आईबापाच्या रानावरून गेलं. मला ते तोडवलं नाही. तेवढ्या सुखाचं भाडं आता ती पोर भरते आहे.

आज दुपारी दोन ओळी सुचल्या होत्या.

*सूर सांजेचा उतरला शेतावरी*
*आणि ओझे टाकले मी दुसऱ्या शिरी*

कवितेचा नाद असलेल्या माणसाचं हे असं होतं. लाज वाटली तरी तिला यमक जुळवतो. खोडून टाकणार होतो. मग वाटलं, राहू दे, लाजेला पुरावा राहील.

मंगळवार, २५ एप्रिल

ती आज येणार नाही असं धरून चाललो होतो. आली. नेहमीसारखी पिशवी ओट्यावर ठेवून पट्टा बांधला. काटा बघून भुवया वर गेल्या.

"वर आलंय सर. काही मनात ठेवलंय का?"

"लोणचं जास्त झालं असेल."

"लोणच्यानं एवढं नाही वाढत." पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. घाई केली नाही. मी आंब्याच्या बुंध्यावरच्या मुंग्या बघत बसलो. शेवटी ती पिशवी आवरायला लागली. "मी बदली मागितली सर. तासगावकडचं एक उपकेंद्र मिळतंय. हजर व्हायला वेळ आहे, तोवर मिरजेला आईपाशी राहीन."

"तू मागितलीस? मग बरं झालं," मी म्हणालो.

तिनं पिशवीची चेन लावली. अर्ध्यावर अडकली. ओढून लावली.

संध्याकाळी सोनियानं सांगितलं, लसीची गाडी आली होती, बायका आल्याच नाहीत. भोंग्यावर कुणी सांगितलं नाही. सिस्टर दारोदार फिरली, तर दोन घरांनी दार उघडलं नाही. "त्यात माज्या मावससासूचं घर हुतं आबा. लेकरू चार महिन्यांचं हाय तिथं."

"मग तू सांगायचंस त्यांना."

"मी काय सांगनार?" सोनिया म्हणाली. "काय सांगू आबा?"

मी म्हटलं, जेवायला वाढ.

गुरुवार, २७ एप्रिल

गेलो. वीरधवलच्या घरी गेलो आणि सांगितलं.

रात्रभर वाक्य जुळवलं होतं. फिरवाफिरव न करता, कर्ता आधी, क्रियापद शेवटी. "वीरधवल, त्या रविवारी भोंग्यावर लागलं ते माझ्या फोनवरून लागलं. ते मी ऐकत असतो. सिस्टरचा काही संबंध नाही."

वीरधवल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे चक्क ओले झाले. उठून माझ्या पाया पडला.

"सर, काय मानूस हाय तुमी! त्या पोरीसाठी अंगावर घेताय."

"अरे, अंगावर घेत नाही. खरं सांगतोय."

"मला शिकवू नगा सर. तुमी आनि चर्चचं गानं? आवं, पाचगणीत राहून तुमी एक दिवस त्या चर्चात पाऊल टाकलं न्हाई, माजा बा सांगायचा. पोरगी गरीब हाय, मला बी कळतंय. पर गावाला दिलेला शब्द हाय. खोलीचं आता मला फिरवता येनार न्हाई." आत बघून ओरडला, "आई! सर आल्यात, चा टाक."

मी आणखी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आवाज आधीपेक्षा बारीक होता. तिसऱ्यांदा चहा आला होता.

परत येताना पाय हलके पडत होते. ही सगळ्यात घाण गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी सांगितलं. आता ते मानत नाहीत त्याला मी काय करू? संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. जोतिबानं हॉटेलातून हात जोडले. दोन बायका डोक्यावर पदर घेऊन वाकल्या. मी नको नको म्हणालो, पण तेही बारीक आवाजात.

केरबा आरतीला आला. टाळ वाजवले नाहीत, नुसते धरून बसला.

"सांगितलंस म्हनं."

"सांगितलं. मानत नाहीत."

"कसं सांगितलंस? बसून?"

"खुर्ची दिली त्यानं."

"आनि चा?"

"दिला."

"पिलास व्हय?"

मी फोनवर आरतीचं रेकॉर्ड शोधायला लागलो.

"मंग कशाला मानतील?" केरबा म्हणाला. "फौजेत आमचा बँड असली धून वाजवायचा. कबरीवर फुलं ठेवताना. मी पयल्या सुरालाच वळखलं हुतं रं, गड्या. गावात हे ऐकनारं दुसरं कोन हाय?"

मग रेकॉर्ड सुरू झालं. तो बोलायचा थांबला. म्हणजे त्याला पहिल्यापासून...

शनिवार, २९ एप्रिल

सिस्टरला कऱ्हाडच्या स्टँडपर्यंत पोचवून आलो. ती नको म्हणत होती. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर आम्ही दोघं, पायांशी तिची ट्रंक, मांडीवर गुंडाळलेली गादी. सोनियानं भाकरी-चटणी बांधून दिली होती. देताना तिचा हात धरून उभी राहिली.

मिरजेची गाडी लागायची होती. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसलो. मला वाटलं, इथे सांगणं सोपं आहे, इथे मला कुणी ओळखत नाही. हाही भेकडपणाच. तरी सांगितलं.

"बाळ, त्या दिवशी माझा फोन होता."

"माहीत आहे सर."

"केरबानं सांगितलं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. शाळेत एखादा हुशार समजलेला मुलगा सोपी बेरीज चुकला की मी बघायचो, तशी. "सर, त्याच आठवड्यात तुम्ही मला ऐकवलं होतंत ना! मी भाकरी थापत होते. भोंग्यावर लागलं आणि मी म्हटलं, अरे, हे तर सरांचं!"

माझ्या हातातला रसाचा ग्लास तसाच राहिला. मीटिंगमध्ये तिनं माझ्याकडे पाहिलं होतं ते... मी वहीत काय लिहिलंय ते आठवलं. आशा असणार बिचारीला.

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही बोलाल." तिनं रसातला बर्फ बोटानं खाली ढकलला. "आणि मी बोलून काय होणार होतं सर? तुम्ही स्वतः सांगितलंत ते पटलं नाही त्यांना. माझं पटलं असतं?"

मी म्हटलं, मला क्षमा कर. तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, बाजूला गाडीचा हॉर्न वाजला. ट्रंक चढवताना म्हणाली, "आता आईला काय सांगू तेच कळत नाही. तिला वाटतंय मीच काहीतरी केलं. रडते फोनवर. म्हणते, दुसऱ्याच्या देवळात आपलं गाणं लावायला तुला कुणी शिकवलं? ते आपलं पण नव्हतं, हे तिला कसं समजावू?"

खिडकीत बसल्यावर डोकं बाहेर काढलं. "सकाळची गोळी सकाळीच घ्या सर."

गाडी गेली. मी बाकावर बसून राहिलो. शेजारच्या माणसानं विचारलं, लेक का? मी हो म्हणालो. एवढ्यातही एक खोटं बोललोच.

रविवार, ३० एप्रिल

आज आरती झाल्यावर घरी आलो नाही. फोन मशीनपासून तोडला नाही. साडेसात वाजायची वाट बघत देवळाच्या पायरीवर दिव्याखाली उभा राहिलो. चपला पायात ठेवल्या होत्या, मग काढल्या. सवयीनं नाही, देऊळ आहे म्हणून.

केरबा निघाला होता. म्हणाला, "चल की."

"तू हो पुढं."

त्यानं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तिथेच खालच्या पायरीवर बसला.

आधी एका बाईचा इंग्रजी आवाज आला, आजचं गाणं कुठल्या चर्चमधून ते सांगणारा. तो चारी वाड्यांवर घुमला. मग शांतता, मग मुलांचे आवाज. मी फोन दिव्याच्या उजेडात वर धरला, वर्गात फळ्याकडे छडी धरावी तसा. त्या रविवारसारखं काही झालं नाही. डोंगराकडून सूर परत आला असेल तर मला ऐकू आला नाही. मला फक्त दारं उघडल्याचे आवाज ऐकू येत होते.

माणसं आली. बायका आल्या. जोतिबा हातात झारा घेऊन आला. वीरधवलची मोटारसायकल आली.

"सर! चुकून लागलंय, बंद करा, बंद करा."

"चुकून नाही," मी म्हणालो. उभा राहून, आणि मोठ्यानं. "चुकून त्या रविवारी लागलं होतं. याच फोनवरून. कळल्यावर मी बंदसुद्धा केलं नाही, कारण मला ऐकायचं होतं. सिस्टरनं काही केलं नाही. मीटिंगमध्ये मी मान खाली घालून बसलो आणि तुम्ही तिला घालवलंत. आता पाया पड माझ्या."

वीरधवल फोनकडे बघत होता. मग भोंग्याकडे, मग पुन्हा फोनकडे. गर्दीतून सोनिया पुढे आली, माझ्या शेजारी पायरीवर उभी राहिली. घरची सून अशी चारचौघांत पुढे येत नाही आमच्यात.

"आबांचं कानातलं त्या दिवशी डबीत मेलं हुतं," ती म्हणाली. "मला तवाच कळलं हुतं, फोन त्यांचाच भोंग्याला लागलाय. मी बी बोलले न्हाई."

चार महिन्यांच्या लेकराची आजी गर्दीत होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

"आवाज वाढव रं मास्तर," खालून केरबा म्हणाला. "वीरधवलच्या माडीपातूर गेला पायजे. रिकामी हाय ती."

वीरधवल आत गेला आणि त्यानं बटण बंद केलं. ओळ अर्ध्यावर तुटली. दुसऱ्या रांगेला उचलायला काही राहिलं नाही.

बाहेर येऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या आवाजात आदब नव्हती, आणि खरं सांगतो, मला त्यानं बरं वाटलं. "उद्यापासनं आरती माज्या फोनवरनं लागंल."

"लाव."

"आनि तवा का न्हाई सांगितलं, सर?"

जन्मभर मी प्रश्न विचारले. विचारलं तेवढंच लिहा, असं सांगणाऱ्याला तेवढंही लिहिता आलं नाही. तो वाट बघून निघून गेला. माणसं पांगली. हात जोडणारं कुणी नव्हतं.

केरबा पायरीवरच होता. मी शेजारी बसलो.

"मशीन बंद झालं तर झालं," तो म्हणाला. "म्होरं काय असतंय, ते तोंडानं सांग."

मी सांगितलं. म्हटलं, पुढे एका म्हाताऱ्याचं गाणं येतं. तो देवळात जन्मभर वाट बघत थांबलेला असतो. शेवटी बघायचं ते बघून होतं, आणि तो म्हणतो, आता मला सुखानं जाऊ दे.

केरबानं टाळांची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मंग ते तुजं न्हवं रं," तो म्हणाला. "तुला अजून मिरजंला जायाचं हाय. तिच्या आईपुढं उभं ऱ्हायाला."

घरी येऊन सोनियाला सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली. तिनं सांगितली. तिला ती आधीच माहीत होती.